गिटार अॅम्पच्या आउटपुट ट्यूबचा बायस: मोजायचा कसा, लावायचा कसा

गिटार अॅम्पमध्ये स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या आउटपुट ट्यूबची (व्हॉल्व्हची) नवी जोडी बसवली, स्विच टाकला, आवाज आला, झालं काम, असं समजणारे बरेच गिटारवाले मला नाशकात भेटतात. आवाज तर येणारच. पण ती जोडी आत किती करंट खेचते आहे हे मोजल्याशिवाय ती वर्षानुवर्षं चालेल की दोन महिन्यांत लाल होऊन जाईल, हे कोणालाही सांगता यायचं नाही. शरणपूर, नाशिक रोडला चर्चमध्ये वाजवणारी मुलं असोत, कॉलेज रोडचे बँडवाले असोत किंवा मुंबईहून सेकंडहँड अॅम्प आणून घरी वाजवणारे असोत, ट्यूब सगळ्यांनाच बाहेरून मागवावी लागते आणि एका जोडीला काही हजार मोजावे लागतात. त्यामुळे हे काम नीट समजून घेतलेलं बरं. मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने लिहितो आहे.

एक गोष्ट मात्र आधीच. विजेच्या उपकरणात यापूर्वी कधीच हात घातला नसेल, तर हा लेख समजून घेण्यासाठी वाचा आणि प्रत्यक्ष काम जाणत्याकडून करून घ्या. व्हॉल्व्हचे रेडिओ आणि जुने पीए अॅम्प्लिफायर दुरुस्त केलेले कारागीर मेन रोड, रविवार कारंजाच्या बाजूला चौकशी केली तर अजून सापडतात. गिटार अॅम्प त्यांनी पाहिला नसेल, पण त्याच्या आतलं सगळं त्यांच्या ओळखीचं असतं.

बायस म्हणजे नेमकं काय

आउटपुट ट्यूबच्या प्लेटवर चारशे-साडेचारशे व्होल्ट असतात. कॅथोडकडून प्लेटकडे इलेक्ट्रॉन धावतात आणि मध्ये असलेली कंट्रोल ग्रिड त्यांना अडवते. ग्रिड जितकी निगेटिव्ह, तितका करंट कमी. गिटार वाजत नसताना, नुसत्या चालू अॅम्पमध्ये ट्यूबमधून जो करंट वाहतो तो किती असावा, हे या निगेटिव्ह व्होल्टेजवर ठरतं. ते बसवून हा करंट ठरवणं म्हणजे बायस लावणं. गाडीचं आयडलिंग सेट करतात, तसंच हे. फार कमी ठेवलं तर गाडी अडखळते, फार जास्त ठेवलं तर उभ्या उभ्या पेट्रोल जळतं.

हा करंट कमी पडला, म्हणजे ट्यूब थंड राहिली, की आवाज कोरडा येतो. एखादा सूर छेडून विरू दिला की शेवटाला खरखर ऐकू येते, कारण एक ट्यूब थांबून दुसरी सुरू होते त्या सांध्यात सिग्नल तुटतो. करंट जास्त झाला की आवाज मऊ आणि भरदार वाटतो, पण प्लेट तापते, ट्यूबचं आयुष्य घटतं आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरवरही ताण येतो.

तुमचा अॅम्प कोणत्या जातीचा

स्क्रू काढण्याआधी हे बघा. अॅम्प तीन प्रकारचे असतात.

पहिला फिक्स्ड बायस, म्हणजे ग्रिडला निगेटिव्ह व्होल्टेज वेगळ्या पुरवठ्यातून मिळतं, आणि ते बदलायला आत फिरवायचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर). मार्शलचे ईएल३४ (हे ट्यूबचं मॉडेल) वाले बहुतेक अॅम्प आणि फेंडरचे मोठे अॅम्प यात येतात. हा लेख मुख्यतः यांच्यासाठी आहे.

दुसरा फिक्स्ड बायस, पण पॉट नाही. फेंडर ब्लूज ज्युनिअर आणि मेसा बूगीचे बरेच अॅम्प असे असतात. तिथे ट्यूब अॅम्पला जुळणारी निवडून घ्यावी लागते. मोजता येतं, फिरवता येत नाही.

तिसरा कॅथोड बायस. व्हॉक्स एसी३० हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. इथे कॅथोडखालचा एक रेझिस्टर करंट आपोआप सांभाळतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

काही जुन्या सिल्व्हरफेस फेंडरमध्ये पॉट असतो, पण तो बायस वरखाली करत नाही, दोन बाजूंचा तोल फक्त साधतो. तो कितीही फिरवला तरी एकूण करंट हवा तिथे येणार नाही. सर्किटचा नकाशा समोर ठेवून खात्री करा.

जिवाची काळजी

हा भाग घाईने वाचू नका. अॅम्पच्या आत चारशे ते पाचशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यानंतरही फिल्टर कंडेन्सर ते धरून ठेवतात. कधी काही सेकंद, कधी बराच वेळ.

घरात ईएलसीबी किंवा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की आपोआप पडणारी स्विच) बसवली आहे म्हणून निर्धास्त राहणारे लोक आहेत. आतल्या हाय व्होल्टेजचा धक्का बसला तर ती पडणार नाही. हा करंट पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला, तुमच्या हातातून चासीत (अॅम्पच्या धातूच्या सांगाड्यात) आणि चासीतून परत ट्रान्सफॉर्मरमध्ये असा आतल्या आत फिरतो. घराच्या वायरिंगला त्याचा पत्ताही लागत नाही. तुम्हाला वाचवायला तिथे फक्त तुमची पद्धत असते.

ती पद्धत अशी. अंगठी, घड्याळ, साखळी काढून ठेवायची. पायात कोरडी रबरी चप्पल. पावसाळ्यात फरशी घामेजलेली असेल तर खाली लाकडी पाट किंवा जाड रबरी मॅट. मीटरची काळी तार क्रोकोडाइल क्लिपने चासीला आधीच अडकवून टाकायची, म्हणजे चालू अॅम्पमध्ये फक्त एक हात आणि एक प्रोब जातो. दुसरा हात पाठीमागे किंवा खिशात. दोन हात दोन जागी लागले तर करंट छातीतून जातो. घरात दुसरं कोणीतरी हवं, आणि मेन स्विच कुठे आहे हे त्यांना माहीत हवं.

अॅम्प तीन पिनांच्या प्लगवर आणि खऱ्या अर्थिंगवरच चालवा. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यांत तिसरं भोक असतं, मागे तार नसते. फेज आणि अर्थमध्ये मीटर लावून बघा, फेज-न्यूट्रलइतकेच व्होल्ट दिसले पाहिजेत.

कंडेन्सर रिकामे करण्यासाठी १० किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या आणि दोन्ही टोकांना चांगलं इन्सुलेशन असलेल्या तारा व क्लिप लावून ठेवा. अॅम्प बंद करताना स्टँडबाय स्विच (ट्यूबचं हाय व्होल्टेज जोडणारा-तोडणारा) वाजवण्याच्या बाजूलाच राहू द्या. गरम ट्यूब निवता निवता बराचसा चार्ज स्वतःच खाऊन टाकतात. मग प्लग भिंतीतून काढा, रेझिस्टरची एक क्लिप चासीला, दुसरी पहिल्या फिल्टर कंडेन्सरच्या पॉझिटिव्हला. पंधरा-वीस सेकंद धरा आणि मीटरने खात्री करा. आकडा साडेचारशेवरून सरसर उतरत पाचच्या खाली आला की मगच बोट आत घाला. क्लिप काढली की मोठे कंडेन्सर पुन्हा थोडे व्होल्ट वर येतात, म्हणून सोल्डरिंग चालू असेपर्यंत ती लावलेलीच ठेवा आणि स्विच टाकण्याआधी आठवणीने काढा. स्क्रू ड्रायव्हरने थेट शॉर्ट करून ठिणगी पाडायची सवय काही जणांना असते. त्याने कंडेन्सर, चासी आणि डोळे तिन्ही धोक्यात येतात.

मीटरच्या बाबतीत काटकसर नको. दोन-अडीचशेला मिळणारा पिवळा मीटर बॅटरी मोजायला ठीक, इथे त्याच्या तारांच्या इन्सुलेशनवर जीव टांगायचा नाही. १००० व्होल्ट डीसी मोजणारा, कॅट ३ दर्जाचा मीटर आणि त्याच दर्जाचे प्रोब हवेत.

शेवटचं, अॅम्प स्पीकर न लावता कधीही चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर भार नसेल तर सिग्नल येताच त्यात उसळणारं व्होल्टेज इन्सुलेशन फोडू शकतं. स्पीकर जोडा किंवा योग्य ओहमचा मोठा वॅटेज रेझिस्टर. व्हॉल्यूम शून्यावर, इनपुटमध्ये काही नाही.

गणित

दोन आकडे लागतात, प्लेटचं व्होल्टेज आणि प्लेटचा करंट. त्यांचा गुणाकार म्हणजे ट्यूब रिकामी बसून जाळते ते वॅट. प्रत्येक ट्यूबची प्लेट किती वॅट सोसू शकते हे तिच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) असतं: ईएल८४ १२ वॅट, ६व्ही६जीटी १४, ५८८१ २३, ईएल३४ २५, ६एल६जीसी ३०, केटी८८ ४२. ६एल६ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही ट्यूब प्रत्यक्षात ५८८१ जातीच्या असतात, तेव्हा डब्यावरच्या नावावर न जाता डेटाशीट बघा.

फिक्स्ड बायसच्या क्लास एबी (दोन बाजूंच्या ट्यूब आळीपाळीने जोर लावतात अशा) अॅम्पमध्ये या मर्यादेच्या ७० टक्क्यांच्या वर जायचं नाही, असा रिवाज आहे. म्हणजे ईएल३४ साठी १७.५ वॅट. प्लेटवर ४६० व्होल्ट असतील तर १७.५ भागिले ४६०, म्हणजे सुमारे ३८ मिलिअँपिअर. ६एल६जीसी, ४५० व्होल्ट: २१ भागिले ४५०, सुमारे ४७. ६व्ही६, ४१० व्होल्ट: ९.८ भागिले ४१०, सुमारे २४.

सत्तर टक्के ही वरची हद्द आहे. तिथेच पोहोचलं पाहिजे असं काही नाही. मी साधारण ६० ते ६५ च्या दरम्यान थांबतो. आवाजात फरक असा काही पडत नाही की त्यासाठी ट्यूब भाजून काढावी.

एक सल्ला हमखास ऐकू येतो: ‘ईएल३४ आहे ना, उणे अडतीस व्होल्ट लाव.’ हा बायस लावणं नव्हे. उणे ३८ वर एक ट्यूब ३० मिलिअँपिअर घेईल आणि त्याच कंपनीची दुसरी ४५. निगेटिव्ह व्होल्टेज हा आपल्या हातातला दांडा आहे, मोजायचा आहे तो करंट.

करंट मोजायच्या पद्धती

मला सगळ्यात पसंत पद्धत म्हणजे प्रत्येक ट्यूबच्या कॅथोडखाली १ ओहमचा रेझिस्टर कायमचा बसवणं. ईएल३४, ६एल६, ६व्ही६, केटी८८ या सगळ्या आठ पिनांच्या ट्यूबमध्ये ८ नंबरची पिन कॅथोड असते. सॉकेटकडे वायरिंगच्या बाजूने पाहताना खाचेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पिना मोजा. २ आणि ७ हीटर, ३ प्लेट, ४ स्क्रीन (कंट्रोल ग्रिड आणि प्लेटच्या मधली दुसरी जाळी), ५ कंट्रोल ग्रिड, ८ कॅथोड. ८ ची तार चासीला गेलेली असते. ती सोडवून मध्ये १ ओहम, १ टक्का अचूकतेचा, अर्धा किंवा एक वॅटचा मेटल फिल्म रेझिस्टर टाकायचा. ईएल३४ मध्ये १ नंबरची पिनही ८ ला जोडलेली असते, ती जोडणी तशीच ठेवून दोघींना मिळून रेझिस्टरवर आणा.

१ ओहमवर १ मिलिअँपिअर म्हणजे बरोबर १ मिलिव्होल्ट. मीटर २०० मिलिव्होल्ट डीसीवर ठेवला की आकडा थेट मिलिअँपिअर म्हणून वाचता येतो, आणि त्या जागी व्होल्टेज जवळजवळ शून्य असल्याने मोजताना धोकाही सगळ्यात कमी. रेझिस्टर खरंच १ ओहम आहे का ते मीटरने तपासत बसू नका. साध्या मीटरच्या तारांचाच रेझिस्टन्स ०.२–०.४ ओहम असतो, त्यामुळे तिथे मीटरपेक्षा १ टक्क्याचा रेझिस्टर जास्त भरवशाचा.

या आकड्यात प्लेटच्या करंटबरोबर स्क्रीनचा करंटही धरलेला असतो. डेटाशीटच्या एका ठरावीक स्थितीत ईएल३४ ची प्लेट १०० मिलिअँपिअर घेते तेव्हा स्क्रीन सुमारे १५ घेते. ६एल६जीसी मध्ये हे प्रमाण ७२ ला ५ असं आहे. रिकाम्या अॅम्पमध्ये ईएल३४ चे चार-पाच आणि ६एल६ चे दोन-तीन मिलिअँपिअर वजा केले की पुरे. वजा केलेच नाहीत तरी चूक सुरक्षित बाजूला होते.

सोल्डरिंग करायचं नसेल तर बायस प्रोब मिळतो, ट्यूब आणि सॉकेटच्या मध्ये बसणारा. आत तोच १ ओहम असतो. महिन्याला एखादाच अॅम्प बघणाऱ्याला तो सोयीचा. घेताना तो प्लेटचं व्होल्टेजही दाखवतो का ते बघा, म्हणजे चासी उघडून पिन ३ पर्यंत जायची वेळ येत नाही.

तिसरी पद्धत आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या रेझिस्टन्सची. अॅम्प बंद, कंडेन्सर रिकामे, मग ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेपासून प्रत्येक प्लेटपर्यंतचा रेझिस्टन्स मोजायचा. दोन बाजू सारख्या नसतात, कारण बाहेरच्या वेढ्यांना तार जास्त लागते. समजा ४१.३ आणि ४६.८ ओहम आले. आता अॅम्प चालू असताना त्याच दोन जागांमधला व्होल्टेजचा फरक मोजायचा. पहिल्या बाजूला १.५३ व्होल्ट असतील तर १.५३ भागिले ४१.३, म्हणजे ३७ मिलिअँपिअर. हा शुद्ध प्लेट करंट, स्क्रीन वजा करायची गरज नाही. पण इथे मीटरच्या दोन्ही तारा साडेचारशे व्होल्टवर तरंगत असतात. दोन्ही क्लिपा अॅम्प बंद असतानाच लावा, मीटर टेबलावर ठेवा आणि चालू असताना त्याला हात लावू नका.

करंटचा मीटर थेट मधल्या तारेपासून प्लेटला लावायची जी चौथी पद्धत सांगतात, ती मी कोणालाही सुचवत नाही. प्रोब घसरून चासीला टेकला की मीटर, फ्यूज आणि कधीकधी ट्रान्सफॉर्मरही जातो.

प्रत्यक्ष काम

आधी आउटपुट ट्यूब काढून ठेवा. अॅम्प चालू करा आणि स्टँडबायवरच राहू द्या. बहुतेक अॅम्पमध्ये बायसचा पुरवठा स्टँडबायवरही मिळतो, त्यामुळे हाय व्होल्टेज न सोडता हे तपासता येतं. प्रत्येक सॉकेटच्या पिन ५ वर चासीच्या तुलनेत किती व्होल्ट आहेत ते मोजा. दोन्हीकडे सारखेच आणि निगेटिव्ह हवेत. मग प्लास्टिकच्या स्क्रू ड्रायव्हरने बायस पॉट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. उणे ३० ते उणे ५० असा काहीतरी पल्ला दिसेल. आकडा मध्येच उडी मारत असेल तर पॉट बदला, कारण त्या पॉटचा स्पर्श तुटला त्या क्षणी ट्यूब बेलगाम होते. एका काकांनी, ज्यांचं अर्धं आयुष्य व्हॉल्व्ह रेडिओत गेलं, मला हे पहिल्यांदा शिकवताना म्हटलं होतं, ‘आधी निगेटिव्ह बघ बाळा, मग ट्यूब बसव.’ आजही माझ्या कामाची सुरुवात तिथूनच होते.

पॉट सगळ्यात जास्त निगेटिव्हवर सोडा. अॅम्प बंद करा, ट्यूब बसवा, स्पीकर जोडलेला आहे ना ते परत बघा.

दुरुस्त केलेला किंवा अनोळखी अॅम्प असेल तर पहिल्यांदा सिरीज बोर्डवर, शंभर वॅटच्या साध्या बल्बमधून चालू करा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटून राहतो आणि अॅम्प वाचतो. एलईडी बल्ब चालणार नाही. आणि या बल्बमधून असताना बायस लावू नका, अॅम्पला पूर्ण व्होल्टेज मिळत नसल्याने सगळे आकडे खोटे येतात.

सगळं ठीक असेल तर थेट लाइनवर या. स्टँडबायवर दोनेक मिनिटं, मग वाजवण्याच्या बाजूला. खोलीतला उजेड कमी करून मिनिटभर ट्यूबकडे बघत राहा. हीटरचा नारिंगी प्रकाश मध्यभागी दिसणारच. बाहेरची राखाडी प्लेट कुठे लालसर होताना दिसली तर लगेच बंद.

आता वाचन घ्यायचं. एका ईएल३४ जोडीच्या अॅम्पचं उदाहरण घेऊ. लाइन २२९ व्होल्ट. पॉट सगळ्यात थंड असताना प्लेट ४८२, १ ओहमवर २१.५ आणि २३ मिलिव्होल्ट. पॉट थोडा थोडा फिरवत गेलो, प्रत्येक वेळी मिनिटभर थांबून. करंट वाढतो तसं प्लेटचं व्होल्टेज उतरतं, म्हणून एकदाच मोजून भागत नाही, दोन्ही आकडे परत परत घ्यावे लागतात. शेवटी प्लेट ४६८ आणि वाचन ४१ व ४३.४ आलं. स्क्रीनचे ५ वजा केले, ३६ आणि ३८.४. गुणाकार १६.८ आणि १८ वॅट, म्हणजे ६७ आणि ७२ टक्के. निर्णय नेहमी जास्त तापणाऱ्या ट्यूबकडे बघून घ्यायचा. म्हणून पॉट जरा मागे: प्लेट ४७०, वाचन ३९ आणि ४१.४, म्हणजे ६४ आणि ६८ टक्के. इथे थांबायला हरकत नाही. दोन ट्यूबमध्ये तीन-चार मिलिअँपिअरचा फरक चालतो. त्याहून बराच जास्त असेल तर घूं असा आवाज वाढतो, आणि जोडी जुळलेली नव्हती असं समजायचं.

वीस मिनिटांनी परत वाचा. नव्या ट्यूब गरम झाल्यावर दोन-चार मिलिअँपिअर सरकतात. काही दिवस वाजवल्यावर आणखी एकदा बघा.

आता गिटार लावा. मध्यम आवाजावर एक जाड तार छेडा आणि सूर पूर्ण विरेपर्यंत ऐका. शेवटी खरखर येत असेल तर दोन मिलिअँपिअर वर जायला जागा आहे का ते गणितात बघा. कान आणि मीटर यांच्यात मतभेद झाला तर वरच्या हद्दीपुरता मीटरचा शब्द अंतिम, त्याखाली कानाचा.

लाइनचं व्होल्टेज

इथे बरेच जण घसरतात. प्लेटचं व्होल्टेज भिंतीतल्या व्होल्टेजच्या प्रमाणात हलतं. संध्याकाळी लोड असताना २२९ दाखवणारा सॉकेट रात्री उशिरा २४३ दाखवू शकतो. वरच्या उदाहरणातला ४७० चा आकडा मग ४९८ च्या आसपास जातो. बायसचं निगेटिव्ह व्होल्टेजही त्याच ट्रान्सफॉर्मरमधून येत असल्याने तेही वाढतं आणि करंटला थोडा आवर घालतं, पण पूर्ण नाही. तापणाऱ्या ट्यूबचा करंट ३६.४ वरून ३९ झाला तरी १९.४ वॅट होतात, ७८ टक्के. सातपूर-अंबडच्या बाजूला, जिथे कारखान्यांचा लोड सुरू-बंद होतो, तिथे दिवसभरात असा फरक बघून ठेवावा.

म्हणून बायस लावण्याआधी दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी सॉकेटचं व्होल्टेज लिहून ठेवा. जास्तीत जास्त व्होल्टेजच्या वेळी बायस लावणं उत्तम. ते जमलं नाही तर ६० टक्क्यांच्या जवळ थांबा. लॉन्सवरच्या कार्यक्रमांत जनरेटरवर वाजवणाऱ्यांना तर माझं आग्रहाचं सांगणं आहे की सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर पिशवीत ठेवा. २५० च्या वर दिसलं तर अॅम्प स्टँडबायवर टाका आणि जनरेटरवाल्याला बोलवा.

अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा अॅम्प स्टेप-डाउनवर चालत असेल, तर रोज जो स्टेप-डाउन वापरता तोच लावून मोजा. २३० ला ११० देणाऱ्यावर अॅम्प थंड राहतो आणि २२० ला ११० वाल्यावर रात्री १२१ मिळतात. दोन्हीवर बायस वेगळा येईल. स्टेप-डाउनमधून अर्थची तार अॅम्पच्या चासीपर्यंत पोहोचते का, तेही मीटरने बघा. स्वस्त डब्यांत ती बरेचदा जोडलेलीच नसते.

कॅथोड बायस आणि पॉट नसलेले अॅम्प

कॅथोड बायसमध्ये रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजायचं आणि त्याच्या ओहमने भागायचं. दोन ईएल८४ ना मिळून १३० ओहम आणि त्यावर १०.४ व्होल्ट, म्हणजे ८० मिलिअँपिअर, एकीला ४०. स्क्रीनचे चार-साडेचार वजा, उरले साधारण ३५.५. प्लेटपासून कॅथोडपर्यंत, चासीपर्यंत नाही, ३१० व्होल्ट. गुणाकार ११ वॅट, १२ च्या ९२ टक्के. इथे घाबरू नका. कॅथोड बायसचे अॅम्प ९० ते १०० टक्क्यांवरच चालायला बनवलेले असतात, त्यांना सत्तरचा नियम लावायचा नाही. शंभरच्या वर गेलं तर मात्र थोडा मोठा रेझिस्टर बसवायचा, वॅटेज तेवढंच किंवा जास्त ठेवून.

पॉट नसलेल्या फिक्स्ड बायस अॅम्पमध्ये मोजून घ्या आणि आकडा विक्रेत्याला सांगून त्याला जुळणारी जोडी मागवा. फेंडर हॉट रॉड डीलक्समध्ये पॉट आहे आणि टीपी३० नावाचा मोजायचा बिंदूही दिलेला आहे. तिथे ६० मिलिव्होल्ट म्हणजे दोन्ही ट्यूब मिळून ६० मिलिअँपिअर. एका ट्यूबचे समजून त्याची दुप्पट करू नका.

आकडा ऐकत नसेल तर

एकाच ट्यूबचा करंट जास्त असेल तर दोन ट्यूबच्या जागा बदला. करंट ट्यूबबरोबर गेला तर ट्यूब, सॉकेटवरच राहिला तर सर्किट. सर्किटमध्ये पहिला संशय कपलिंग कंडेन्सरवर (मागच्या स्टेजचा सिग्नल ग्रिडपर्यंत नेणाऱ्या) घ्यायचा. तो गळू लागला की मागच्या स्टेजचं पॉझिटिव्ह व्होल्टेज ग्रिडवर उतरतं. आउटपुट ट्यूब काढून, स्टँडबाय वाजवण्याच्या बाजूला ठेवून, दोन्ही सॉकेटच्या पिन ५ मोजा. एकीकडे निगेटिव्ह कमी भरलं तर तिथला कंडेन्सर बदला. हे पटकन उरका, कारण ट्यूब नसताना हाय व्होल्टेज नेहमीपेक्षा वर चढलेलं असतं.

दोन्हीकडे निगेटिव्ह कमी असेल तर बायसच्या पुरवठ्यातला डायोड आणि छोटा इलेक्ट्रोलिटिक बघा. जुन्या अॅम्पमध्ये तो इलेक्ट्रोलिटिक वाळलेला असतोच. बदलताना त्याचा पॉझिटिव्ह पाय चासीकडे जातो. सवयीने उलटा बसवला तर फुटतो.

सगळं बरोबर असूनही करंट चढतच राहिला, तर ट्यूबमध्ये गॅस झाला आहे, ती काढून टाका. आणि पावसाळ्यात बंद खोलीत राहिलेल्या जुन्या फेंडरमध्ये आकडा उगीच भटकत असेल तर आतला काळा फायबर बोर्ड तपासा. तो ओल धरतो आणि बोर्डातूनच बारीक करंट गळतो. बोर्डाच्या मोकळ्या जागेवर, कोणत्याही जोडणीपासून लांब, प्रोब टेकवल्यावर काही व्होल्ट दिसले तर तो कोरडा करावा लागेल. नुसता पॉट फिरवून तो दोष जाणार नाही.

फिल्टर कंडेन्सर रिकामे करून चासी बंद करण्याआधी आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. तारीख, ट्यूबचं नाव, लाइनचे व्होल्ट, दोन्ही प्लेटचे व्होल्ट, दोन्ही करंट आणि पिन ५ वरचं निगेटिव्ह. पुढच्या वेळी यातला कोणता आकडा हलला ते बघून ट्यूब म्हातारी झाली, लाइन वाढली की बायसचा कंडेन्सर गेला, हे चासी उघडल्या उघडल्या कळतं.